मुठीपासून चार बोटांवर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, कंपनीत इतकी वर्षं माझ्यासमोर बसून डबा खाणाऱ्या मित्रालाही नाही. सांगावं म्हणून दोन-तीनदा तोंड उघडलं होतं. एकदा चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, गाडीत मी एकटाच — तेव्हा मोठ्यानं बोलून बघितलं. दुसऱ्याच वाक्यात मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागलो. ऐकायला कुणी नसतानाही! म्हणून आता लिहून बघतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

गोष्ट माझ्या बहिणीची आहे. म्हणजे तिच्या लग्नाची — न झालेल्या लग्नाची. पण तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. लागू द्या.

मी क्वालिटीत आहे. चाकणच्या एका कंपनीत, जवळजवळ तीस वर्षं. गाड्यांचे पार्ट तपासायचे, मापात असतील तर पुढे सोडायचे, नसतील तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचे. केसाएवढा फरक असला तरी मी सोडत नाही अशी माझी ख्याती आहे. प्रॉडक्शनची माणसं मला शिव्या घालतात, आणि खरं सांगू? मला त्या आवडतात. एकदा महिनाअखेरीला वरच्या साहेबानं स्वतः येऊन सांगितलं की एवढी एक लॉट जाऊ दे, तरी मी सही केली नाही. या गोष्टी मी लोकांना सांगतो. पुष्कळदा सांगतो. आता तुम्हालाही सांगितलीच, बघा.

आमच्या घरात एक तलवार आहे.

आम्ही मोशीचे. आता मोशी म्हटलं की तुम्हाला टॉवर दिसतील, पण मी लहान असताना इंद्रायणीपर्यंत सगळी शेती होती. घरात देवघराच्या वर भिंतीला ती तलवार लावलेली असायची. आमच्या वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आलेल्या प्रत्येक माणसाला आण्णा तिची गोष्ट सांगत. आमचे मूळपुरुष सुभानराव. ते कुठल्याशा किल्ल्याच्या दरवाजात एकटे उभे राहिले, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. किल्ला कुठला, हे आण्णांना नेमकं सांगता यायचं नाही. कधी तो नगरकडे असायचा, कधी जुन्नरकडे. शेवटी शत्रूनं गोळी झाडली, ती पात्यातून आरपार गेली, आणि सुभानरावांच्या अंगाला धक्कासुद्धा लागला नाही. दरबारातून सरदारकी मिळाली. पुढे भाऊबंदकीत आणि दुष्काळात सगळं गेलं, आणि माझे आजोबा मोशीत घरजावई झाले, आणि मूळ घरातलं उरलं ते फक्त ही तलवार.

पुरावा म्हणून पात्याला भोक होतं. मुठीपासून चार बोटांवर. लहानपणी आण्णा माझी करंगळी धरून त्या भोकात घालायचे आणि म्हणायचे, "हितनं गेली गोळी." माझ्या अंगावर काटा यायचा. धाकटी मंगल तर गोळी अजून आतच असेल म्हणून डोळा लावून बघायची.

ते भोक अगदी गोल होतं. गोळीनं पडलेल्या भोकाच्या कडा फाटतात, एका बाजूला वाकतात. हे चूक की बरोबर, हे ओळखणं हाच माझा धंदा, आणि मी चौतीस वर्षांचा होईपर्यंत त्या गोल भोकाकडे बघून माझ्या मनात एकदाही शंका आली नाही. की आली होती, आणि मी तिला बसवून ठेवलं? आता नक्की सांगता येत नाही.

कंपनीत मला 'सरदार' म्हणत. मीच सांगितलेली गोष्ट होती ना, दुसरं कोण म्हणणार. पुण्याहून येणारे इंजिनियर, इंग्रजी बोलणारे, तेसुद्धा कँटीनमध्ये "काय सरदार" म्हणून पाठीवर थाप मारायचे. त्यात थट्टाच जास्त होती. पण मला ती चालायची. मी डिप्लोमावाला, गावातला, धुळीची चप्पल घालून मुलाखतीला आलेला माणूस. त्या एका शब्दानं त्यांच्या टेबलावर मला बसायला जागा मिळायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मंगल. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बी.कॉम. झाली होती, भोसरीत एका वर्कशॉपचे हिशेब बघायची. आमच्याच कंपनीत विलास नावाचा फिटर होता. औशाकडचा मुलगा. पत्र्याची पेटी घेऊन चुलत्याबरोबर इकडे आला, आधी चाकणला चुलत्याच्या ट्रकच्या गॅरेजात काम केलं, मग आयटीआय करून आमच्याकडे लागला. कमी बोलायचा, हात फार चांगला होता. तो आणि मंगल कसे भेटले म्हणाल, तर माझ्यामुळेच. एकदा मी तापानं पडलो होतो आणि तो माझा पगाराचा कागद द्यायला घरी आला होता. दीड वर्षं त्यांचं चाललं होतं, आणि घरात ते फक्त मला माहीत होतं. मंगलनं स्वतः सांगितलं होतं मला. म्हणाली होती, आण्णांशी तू बोल, तुझं ते ऐकतात. मी म्हटलं होतं, बोलतो. योग्य वेळ येऊ दे.

त्या वर्षी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि देवस्थान कमिटीनं एक स्मरणिका काढायचं ठरवलं. गावातल्या जुन्या घराण्यांची माहिती त्यात यायची होती. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी ती लिहीत होते. काटेकोर माणूस. त्यांनी आण्णांना नम्रपणे विचारलं की तलवारीचा काही कागद, सनद, काही आहे का. आण्णांकडे कागद कुठला! पण आण्णा मागे हटणारे नव्हते. म्हणाले, आमच्या पोराच्या कंपनीत लोखंडाचं वय सांगणारं मशीन आहे, तो तपासून आणेल.

असं मशीन नसतं. आमच्या लॅबमध्ये जे आहे ते लोखंडात काय काय मिसळलंय ते सांगतं. पण मी आण्णांना हे समजावून सांगितलं नाही. उलट मला वाटलं, बरं झालं. तलवार कंपनीत नेली की सगळे बघतील. प्रश्न एवढाच होता की गेटवरून तलवार आत नेणार कशी? तर खंडेनवमीला. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असते, मशीनला झेंडूच्या माळा, स्पॅनर-हातोड्यांना हळदकुंकू, आणि घरच्या माणसांनाही आत येऊ देतात. घरचं शस्त्र पूजेला आणलंय म्हटल्यावर सिक्युरिटीवाल्यानं स्वतः हात जोडले.

मंगल माझ्याबरोबर आली. स्कूटरवर मागे, मांडीवर चादरीत गुंडाळलेली तलवार घेऊन. ती का आली होती ते मला ठाऊक होतं. नवी साडी नेसली होती. मोशी ते चाकण पूर्ण रस्ता ती गुणगुणत होती, आणि कुरुळीच्या पुढे वाऱ्यानं चादर उडायला लागली तेव्हा आम्ही दोघं एवढे हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिला तसं हसताना मी नंतर पाहिलेलं नाही.

पूजेच्या टेबलावर तलवार उघडून ठेवली. माणसं गोळा झाली. मी गोष्ट सांगितली — किल्ल्याचा दरवाजा, गोळी, सगळी. विलासही तिथे उभा होता. त्यानं वाकून बघितलं, भोकात करंगळी घातली, आणि लगेच काढून घेतली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग तलवारीला हात लावून नमस्कार केला आणि मागे सरकला. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आरती झाल्यावर मी तलवार घेऊन लॅबमध्ये गेलो. मंगल बाहेर झाडाखाली पेढा खात थांबली, आणि विलास तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मूठ सोडवली, आत दडलेला भाग घासून चकचकीत केला, मशीनला लावला. ठिणगी पडली. कागद सरकत बाहेर आला.

सिलिकॉन जवळजवळ दोन टक्के. मॅंगनीज त्याच्या निम्मं. हे तर हल्लीच्या कारखान्यातल्या लोखंडाचे आकडे. मी ते बघितले आणि मला हसू आलं — मशीन बिघडलं असणार. दुसऱ्या जागी घासून पुन्हा लावली. तेच. तिसऱ्यांदा तेच. हा माल मी रोज तपासत होतो हो! ट्रकच्या खाली वजन पेलायला लवचीक पट्ट्यांचा थर असतो, त्याला आमच्याकडे कमानपाटा म्हणतात. तो पाटा. त्याचेच कोयते करतात गावोगाव. आणि पाट्याच्या मधोमध, सगळे पट्टे एकत्र आवळणारा बोल्ट जायला, कारखान्यातूनच भोक पाडून येतं.

मी भोकाला व्हर्नियर लावून माप घेतलं. मग मूठ परत बसवली, कागदाची घडी करून खिशात घातली, आणि त्या खोलीत स्टुलावर बसून राहिलो. बाहेरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. पहिला विचार काय आला सांगू? सुभानरावांचा नाही, आण्णांचा नाही. कँटीनमधल्या त्या टेबलाचा.

परतताना मंगलनं मागून विचारलं, "काय निघालं रे, दादा?"

मी म्हटलं, रिपोर्ट यायचाय.

ती काही बोलली नाही. मोशी येईपर्यंत काहीच बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

तिला घरी सोडून मी तसाच भोसरीला गेलो. तिथे बबनकाका होते, आमच्या गावचे लोहार. तेव्हा ते खिडक्यांच्या ग्रिल करायचे. मी आडवळणानं विषय काढला, तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "कळलं का तुला? माझ्या बापानं ठोकलीया ती. मी व्हतो तवा तिथं."

मग त्यांनी सांगितलं. माझे आजोबा नगरकडच्या दुष्काळातून आले ते पत्र्याची पेटी घेऊन. त्यात तलवार नव्हती, दोन धोतरं होती. एका शेतकऱ्याकडे सालानं राहिले. अंगात कष्ट होते, म्हणून त्या शेतकऱ्यानं आपली एकुलती एक मुलगी दिली. पण सासरचे भाऊबंद त्यांना येता-जाता टोचायचे, याचं गाव कुठलं, घर कुठलं, माणसं कोण. आण्णांचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवाच्या हातात द्यायला घरात तलवार नाही, यावरून चारचौघांत बोलणं झालं. आजोबा आठ दिवस मूळ गावी जाऊन येतो म्हणून निघाले, आणि गेले ते बबनकाकांच्या वडिलांकडे. भंगारातला पाटा आजोबांनीच शोधून आणला होता. परत आले ते तलवार आणि सुभानराव घेऊन. बबनकाका म्हणाले, कुणाला सांगू नका म्हणाले होते म्हातारे, आम्ही सांगितलं नाही.

मला आजोबांचा राग आला नाही. उलट फार वाईट वाटलं. एक माणूस आपल्या मुलाच्या लग्नासाठी भंगारात लोखंड शोधत फिरतोय, आणि सोबतीला कुणी नाही. मी डोळे पुसतच स्कूटरला किक मारली. आणि मनाशी ठरवलंसुद्धा — आण्णांना सांगायचं, आणि त्याच दमात विलासचंही सांगायचं. आपला आजोबा पेटी घेऊन आला होता, आण्णा, आणि हा मुलगाही पेटी घेऊनच आलाय. किती सोपं होतं! वाक्यं तयार होती माझी. मोशीच्या वेशीपर्यंत मी ती घोकत आलो.

आण्णांना हे माहीत होतं का? मला माहीत नाही. लग्नात तलवार त्यांच्याच हातात होती. पण त्यांचा त्यांच्या वडिलांवर विश्वास होता, आणि तेवढ्यानं भागत असेल.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी देवळासमोर सगळा गाव सोनं द्यायला जमला होता. गुरुजी आपट्याची पानं देता देता सहज म्हणाले की स्मरणिका छपाईला जायची आहे. आण्णांनी मला हाक मारली, सगळ्यांसमोर. "काय म्हनलं तुजं मशीन?"

पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांत माझ्या कंपनीतलेही दोघं होते. खिशात कागद होता, मी शर्ट बदलला होता तरी आठवणीनं तो कागद या खिशात घातला होता. मी म्हणालो, "जुनी आहे. फार जुनी."

एवढ्यावर थांबलो असतो तर आज मी तुम्हाला सांगितलं असतं की घाबरलो, बापाचं मन राखलं. पण मी थांबलो नाही. कुणी काही विचारलं नव्हतं तरी मी पुढे म्हणालो, "असलं लोखंड आता कुठे मिळत नाही." आणि ते म्हणताना माझी छाती फुगली. खरंच फुगली.

आण्णांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी वही काढली, माझं नाव, हुद्दा, सगळं नीट विचारून लिहून घेतलं. स्मरणिकेत ते पान आहे. तलवारीचा फोटो, आणि खाली ओळ, की ही ऐतिहासिक तलवार आधुनिक यंत्रावर तपासलेली आहे. शेजारी माझं नाव. आयुष्यात माझं नाव छापून आलं ते तेवढंच.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी विलास आणि त्याचा चुलता आमच्या घरी आले. मी अजून आण्णांशी बोललो नव्हतो. मंगलला सांगितलं होतं की बोललोय, ते विचार करतायत — हेही खोटंच. ती तीन दिवस घर आवरत होती. आईला वाटलं, दिवाळीची साफसफाई.

आण्णांनी त्यांना वाईट वागवलं नाही, हे सांगायला हवं. चहा दिला, लाडू दिले, पाऊसपाण्याची चौकशी केली. चुलत्यानं विषय काढल्यावर आण्णांनी कपबशी बाजूला सारली. मग विचारलं, तुमचं घराणं कुठलं?

तो चुलता साधा माणूस होता. टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "आमचं कसलं आलंय घराणं, मालक. दुष्काळात पेटी उचलली आन् पोटामागं निघालो. पोरगं कष्टाळू हाय, येवढंच सांगतो."

आण्णांनी वर भिंतीकडे हात केला. सुभानरावांची गोष्ट सांगितली. अगदी शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटी म्हणाले, "आता ह्या घरातली पोर अशी कशी द्यायची? बोलाचं न्हाई सांगत मी. माझ्या पोरानं कंपनीत तपासून आणलीया. इचारा त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विलासनं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात मंगल उभी होती, तिनं बघितलं. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती माझ्याकडे एकटक बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती नव्हती, एवढं मला आठवतं. वाट बघत होती ती.

मी म्हणालो, "हो."

एक अक्षर. सगळी कबुली या एका अक्षराची आहे. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर? आण्णा चिडले असते, आठ दिवस जेवले नसते, मला घराबाहेर काढलं असतं कदाचित. पण त्या भिंतीकडे परत हात करता आला नसता त्यांना. मंगलचं लग्न झालं असतं की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जी तलवार मध्ये आडवी आली, ती मी उचलून बाजूला ठेवू शकत होतो. मी एकटाच. आणि मी ती आणखी घट्ट ठोकून बसवली.

विलास उठला. आण्णांच्या पाया पडला. आईच्या पाया पडला. माझ्यासमोर आला तेव्हा थांबला, आणि नुसती मान हलवून बाहेर गेला. दोन महिन्यांत त्यानं कंपनी सोडली. होसूरला गेला असं ऐकलं. पुढचं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

वीस वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की हे आण्णांसाठी केलं. म्हाताऱ्याचा मान राहावा म्हणून. पण आण्णा जाऊन आठ वर्षं झाली, मग त्यानंतर का नाही सांगितलं? त्यांच्या दहाव्याला सगळे घाटावर होते, तेव्हा का नाही? तेराव्यानंतर मंगल आणि मी दोघंच त्यांचे कपडे आवरत बसलो होतो, एक अख्खी दुपार — तेव्हा का नाही? आण्णा निमित्त होते. मला 'सरदार' राहायचं होतं.

मंगलनं लग्न केलं नाही. स्थळं आली, घराण्यातली आली. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली, आवाज न चढवता. आण्णांना शेवटची चार वर्षं अंथरुणावर तिनंच सांभाळलं, आई गेल्यावर तर एकटीनं. जमीन बिल्डरला गेली. आमच्या शेतावर आता अकरा मजली सोसायटी आहे, आणि बिल्डरनं आण्णांच्या इच्छेप्रमाणे तिला सुभानरावांचं नाव दिलंय. गेटवर तलवारीचं चित्र आहे. पोरं सेल्फी काढतात. मला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, मंगलला पाचव्या. ती चाकणच्या कंपन्यांतल्या मुलांचे डबे करते. पहाटे तिच्या खिडकीत दिवा लागतो तो मला वरून दिसतो.

माझा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. रोजचं ट्रॅफिक नको म्हणून तिकडेच राहतो, आणि नातू झाल्यापासून बायकोही तिकडेच असते. मुलाच्या गाडीच्या मागच्या काचेवर तलवारीचं स्टिकर आहे, भोकासकट. मी इकडे एकटा. संध्याकाळी कंपनीतून आलो की हॉलमध्ये बसतो, समोर भिंतीवर काचेच्या पेटीत ती असते. टीव्ही लावतो, बंद करतो. दोन मजले खाली माझी बहीण असते. तिच्याकडे जावं असं रोज वाटतं. लिफ्टपर्यंत जातोही कधीकधी. मग डबा घ्यायला आलो असं म्हणावं लागेल म्हणून परत फिरतो.

दर खंडेनवमीला मात्र मंगल वर येते. तलवार काढते, मूठ चिंचेनं घासते, पात्याला तेल लावते. आण्णा असतानाही हे काम तिचंच होतं, आणि तिनं एक वर्षही चुकवलेलं नाही. मला त्याचं नवल वाटायचं. ज्या वस्तूनं आपलं असं केलं, ती कुणी एवढ्या निगुतीनं पुसतं का?

या वर्षीही आली. जमिनीवर बसली, मांडीवर फडकं, त्यावर तलवार. केस आता पांढरे झालेत तिचे. मी सोफ्यावर पेपर धरून बसलो होतो. ती पुसता पुसता थांबली. भोकातली धूळ काढायला तिनं फडक्याचं टोक पिळून आत घातलं, फिरवलं, आणि वर न बघता म्हणाली,

"दादा, ह्या भोकात कितीचा बोल्ट बसतो रे?"

अगदी सहज. भाजीचा भाव विचारावा तशी.

पेपर माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे तिला माहीत होतं. विलासनं भोकात बोट घातलं तेव्हाच ओळखलं होतं, ट्रकच्या गॅरेजातला मुलगा तो, आणि मी लॅबमध्ये होतो तेवढ्या वेळात झाडाखाली त्यानं तिला सांगितलं होतं. स्कूटरवर तिनं मला विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं. तांब्या घेऊन दारात उभी होती, तेव्हा माहीत होतं. विलासलाही होतं. तो त्या तलवारीखाली बसून पूर्ण गोष्ट ऐकत राहिला, एका शब्दानं आण्णांचा पाणउतारा केला नाही. तिनंही केला नाही. बापाला चारचौघांत खोटं पाडायचं नव्हतं त्यांना, आणि त्याची गरजही नव्हती. त्यांना वाटत होतं की मी आहे. मी तपासलंय. मी सांगेन.

मी म्हणालो, "काय माहीत."

परत. या वयात, त्या रिकाम्या घरात, जिथे मला सरदार म्हणणारं कुणीही नव्हतं.

मंगलनं मान डोलावली. तेल लावलं, तलवार काचेच्या पेटीत ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं, हात धुतले. डबे भरायचेत म्हणाली आणि गेली. लिफ्ट खाली जाताना मी दाराशी उभा होतो.

तिला बोल्टचं माप नको होतं. बारा मिलिमीटरचा बसतो, मंगल. भोक तेराचं आहे. मी मोजलं होतं.